अंधारात लॅपटॉप वापरल्याने डोळे खराब होतात का? रात्री काम करणाऱ्या उद्योजकांसाठी एक धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'नोकरी आणि घर सांभाळून व्यवसायाला रोजचे दोन तास कसे काढायचे' हे पाहिलं. त्यात मी म्हणालो होतो की बहुतेकांना हे दोन तास रात्रीच मिळतात. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून त्यातला एक महत्त्वाचा प्रश्न इथे सविस्तर घेतोय.

प्रश्न एका ताईंचा आहे. गेल्या बॅचच्या शेवटच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर त्या थांबल्या. घरगुती चटण्या आणि लाडूंचा व्यवसाय, सुरू करून सात-आठ महिने झालेले. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मिस्टरांची पहिली पाळी, पहाटे साडेचारला उठतात. मुलगी आठवीत. म्हणजे साडेदहाला घरातले दिवे बंद. त्यानंतर या ताई कोपऱ्यात बसून अंधारात लॅपटॉप उघडतात. ऑर्डरची यादी, बिलं, इन्स्टाग्रामच्या पोस्ट, एक्सेलमध्ये खर्च, सगळं एक वाजेपर्यंत.

सासूबाई रोज म्हणतात, "अंधारात त्या उजेडाकडे बघून डोळे जातील तुझे." महिनाभरापासून ताईंचे डोळे खरोखरच चुरचुरायला लागले होते, डोकं जड व्हायचं. त्यांनी मला विचारलं, "सर, डोळेच गेले तर धंदा काय कामाचा? लॅपटॉप विकून टाकू का?"

मी पटकन "काही होत नाही हो ताई" असं म्हणणार होतो. पण तसं म्हणालो असतो तर चूक झाली असती. का, ते पुढे येईलच.

आधी सरळ उत्तर

अंधारात लॅपटॉप वापरल्याने डोळ्यांना कायमची इजा होते, असं सिद्ध झालेलं नाही. डोळे थकतात, कोरडे पडतात, चुरचुरतात, थोडा वेळ अंधुकही दिसतं. पण विश्रांती मिळाली की हे सगळं निवळतं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, हीसुद्धा हेच सांगते.

"कमी उजेडात वाचू नकोस, डोळे बिघडतील" हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. गंमत म्हणजे हे फक्त आपल्याकडचंच नाही. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी, डॉक्टर लोकही खऱ्या मानतात अशा गैरसमजुतींची यादी दिली होती. त्यात ही समजूत होती.

मग सासूबाई चुकीच्या का? पूर्ण चुकीच्या नाहीत. त्यांना जो त्रास दिसत होता तो खराच होता. त्याचं कारण मात्र वेगळं होतं.

मग डोळे चुरचुरतात कशाने?

चार कारणं समजून घ्या. कारण कळलं की उपाय स्वस्तात होतो, हा धंद्यातलाच नियम आहे.

*पहिलं कारण : पापण्या लवत नाहीत.* एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. डोळा कोरडा पडतो आणि आग होते. हे दिवसाही होतं, अंधाराशी त्याचा संबंध नाही. वर पंखा किंवा एसी तोंडावर असेल तर आणखी लवकर होतं.

*दुसरं कारण : उजेडातला फरक.* अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणजे जास्त उजेड आत घ्यायला तयार असते. त्यात समोर एकच झगझगीत चौकोन आणि बाजूला काळोख. नजर स्क्रीनवरून वहीकडे, वहीवरून स्क्रीनकडे गेली की डोळ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. शिवाय बाहुली मोठी असताना चष्म्याच्या नंबरातली छोटी चूकही जास्त जाणवते. दिवसा बरी दिसणारी अक्षरं रात्री पुसट का दिसतात, ते इथे कळतं.

*तिसरं कारण : अंतर.* जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग आवळून धरावं लागतं. तासन् तास एकाच अंतरावर बघणं म्हणजे हातात पिशवी धरून तासभर उभं राहण्यासारखं आहे. पिशवी जड नसते, पण हात भरून येतो.

*चौथं कारण : वय.* चाळिशीच्या आसपास हे भिंग ताठर होत जातं आणि जवळचं बघणं जड होतं. म्हणूनच तर त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. व्यवसाय सुरू करणाऱ्या अनेक ताई-दादांचं वय नेमकं हेच असतं. त्यांना वाटतं लॅपटॉपने डोळे बिघडले. खरं तर लॅपटॉपमुळे चाळिशी लागल्याचं फक्त लक्षात आलेलं असतं.

निळ्या प्रकाशाचा चष्मा घ्यावा का?

हा प्रश्न येणारच, कारण दुकानात चष्मा घ्यायला गेलात की 'ब्लू कट' काच घ्या असं सांगतातच. त्यासाठी वेगळे पैसे लागतात.

२०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने अशा काचांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश हा उघड्यावरच्या दिवसाच्या उजेडापुढे फारच थोडा असतो. आधीच घेतला असेल तर वापरा, नुकसान नाही. पण भांडवल कमी असताना त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका. तेच पैसे कुठे घालायचे, ते खाली सांगतो.

डार्क मोडचंही तसंच. अंधारात झगमगाट कमी वाटतो, हे खरं. पण काळ्यावर पांढरी अक्षरं बऱ्याच जणांना, विशेषतः तिरपा नंबर असणाऱ्यांना, पसरल्यासारखी दिसतात. आठवडाभर वापरून बघा. आकडे नीट दिसत असतील तर ठेवा, नाहीतर बंद करा.

खरं नुकसान कुठे होतं?

आता माझी स्वतःची गोष्ट. ट्रेनिंगमध्ये येण्याआधी मी पॅकिंगच्या खोक्यांचा धंदा करायचो. एका रात्री एक वाजता, दिवा बंद करून, पलंगावर बसून ५०० खोक्यांचं कोटेशन बनवलं. दर द्यायचा होता ₹८४. टाइप केला ₹४८. पाठवून झोपलो. सकाळी साडेनऊला गिऱ्हाइकाचा मेसेज, "ऑर्डर पक्की, ॲडव्हान्स पाठवतोय."

नवं गिऱ्हाईक होतं, शब्द फिरवायची हिंमत झाली नाही. एका खोक्यामागे ₹३६, म्हणजे ₹१८,००० गेले. त्या काळी माझा महिन्याचा नफासुद्धा तेवढा नव्हता.

डोळे सुरक्षित होते मित्रांनो, चूक झोपेची होती. आणि झोपेच्या बाबतीत अंधार आणि स्क्रीन यांचा संबंध नक्की आहे. रात्री आपलं शरीर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक तयार करतं, ते झोपेची तयारी करून देतं. डोळ्यावर तेजस्वी उजेड पडत राहिला की ते कमी होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ जणांना मंद उजेडाच्या खोलीत झोपण्याआधी चार तास वाचायला दिलं. पाच रात्री आयपॅडवर, पाच रात्री छापील पुस्तक. आयपॅडच्या रात्री त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली, मेलाटोनिन कमी झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कमी तरतरीत होते.

अभ्यास छोटा आहे आणि दहा मिनिटं काही फार नाहीत. पण आपण एक वाजता लॅपटॉप मिटतो, मग फोन घेतो, दोनला झोपतो आणि सहाला उठतो. सकाळी पुरवठादाराशी भाव ठरवायचा असतो, उधारी मागायची असते. झोप झाली नसेल तर तिथे पैसे जातात, आणि त्याचं बिल कुणी देत नाही. म्हणून कळतही नाही.

आता उपाय : एका खोलीच्या घरातही जमतील असे

१. लॅपटॉपच्या मागे छोटा दिवा लावा. तीन-चारशे रुपयांत चिमट्याचा टेबल लॅम्प मिळतो. त्याचं तोंड स्वतःकडे किंवा स्क्रीनकडे नको, मागच्या भिंतीकडे करा. पिवळसर बल्ब घ्या. भिंतीवरून परतलेला मंद उजेड स्क्रीन आणि अंधार यांतला फरक कमी करतो, आणि झोपलेल्यांच्या तोंडावरही येत नाही. दिवा नको असेल तर ओट्यावरचा बल्ब लावून स्वयंपाकघरात बसा.

२. कागदाची चाचणी करा. स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर ब्राइटनेस कमी करा. कागदापेक्षा मळकट दिसत असेल तर वाढवा. रात्री 'नाइट लाइट' चालू ठेवलंत तर डोळ्यांना मऊ वाटतं. पण त्याच्या भरवशावर जागू नका.

३. एक हात अंतर, मोठी अक्षरं. हात लांब केला की बोटं स्क्रीनला टेकतील इतकं लांब बसा. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली असू द्या. अक्षरं बारीक वाटली तर पुढे वाकू नका. कंट्रोल धरून प्लसचं बटण दोनदा दाबा. पलंगावर पालथं पडून काम अजिबात नको.

४. २०-२०-२०. दर २० मिनिटांनी, २० फूट लांब, २० सेकंद बघायचं. खोली दहा फुटांची असेल तर खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघा. त्याच वेळी दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा. अर्धवट नाही, पूर्ण. फोनवर टायमर लावल्याशिवाय हे आठवत नाही, हा माझा अनुभव.

५. पंखा तोंडावर नको. बसायची जागा थोडी फिरवली तरी पुरतं.

६. कामाच्या दोन याद्या करा. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो डोळ्यांचा कमी, धंद्याचा जास्त आहे.

रात्रीची यादी : पोस्टचे मथळे लिहिणं, फोटो निवडणं, उद्याच्या ऑर्डरची पॅकिंग यादी, नवीन शिकण्याचे व्हिडिओ.

सकाळची यादी : कोटेशन, दर, पेमेंट, जीएसटीचं काम, कुणाला नाराजीचा मेसेज.

नियम एकच. ज्यात आकडा किंवा पैसा आहे ते रात्री अकरानंतर तयार करा हवं तर, पण पाठवायचं सकाळी, पुन्हा एकदा वाचून. ₹१८,००० ची फी भरून शिकलेला नियम आहे, तुम्हाला फुकट देतोय.

७. शेवटची २० मिनिटं वहीवर. उद्याची कामं, आजचा खर्च हे हाताने लिहा. स्क्रीन आधी मिटते आणि डोकंही शांत होतं.

फोनबद्दल एक छोटी गोष्ट

दिवा बंद करून, कुशीवर झोपून, एक डोळा उशीत आणि दुसऱ्याने व्हॉट्सॲप, असं आपण सगळेच करतो. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इंग्लंडमधल्या दोन स्त्रियांची माहिती आली होती. त्यांना अधूनमधून थोडा वेळ एका डोळ्याने दिसायचंच नाही. सगळ्या तपासण्या नॉर्मल. शेवटी कळलं, हीच सवय! एक डोळा उजेडाला सरावलेला, उशीतला डोळा अंधाराला. फोन ठेवला की उजेडाला सरावलेल्या डोळ्याला अंधारात काही मिनिटं काहीच दिसत नसे. इजा काही नव्हती. तुम्हाला असं झालं तर घाबरू नका आणि दोन्ही डोळ्यांनी बघायची सवय लावा. पण दोन्ही डोळ्यांनी बघूनही असं होत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

कुठे "काही होत नाही" म्हणायचं नाही

आता त्या ताईंकडे परत येऊ. उत्तर देण्याआधी मी तीन प्रश्न विचारले. वय किती? ४३. डोळे शेवटचे कधी तपासले? "कधीच नाही." घरात कुणाला डोळ्यांचा आजार? त्या म्हणाल्या, "वडिलांना काचबिंदू होता. एका डोळ्याने दिसत नव्हतं त्यांना."

म्हणून मी म्हणालो की पटकन उत्तर देणं चूक ठरलं असतं. काचबिंदू लॅपटॉपने होत नाही, अंधारानेही होत नाही. पण आईवडिलांना किंवा भावंडांना असेल तर आपल्याला धोका जास्त असतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात सुरुवातीला दुखत नाही, चुरचुरत नाही, कडेची नजर गुपचूप कमी होते. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती मात्र वेळेत उपचाराने वाचवता येते.

मी डॉक्टर नाही. पण या लोकांनी नेत्रतज्ज्ञांकडे जायलाच हवं, एवढं ठामपणे सांगतो :

- वय ४० च्या पुढे आणि अजून एकदाही पूर्ण तपासणी नाही.
- मधुमेह आहे. वर्षातून एकदा डोळ्यात औषध घालून पडदा तपासून घ्यायचा, नीट दिसत असलं तरी.
- घरात काचबिंदू आहे.
- विश्रांती घेऊनही अंधुक दिसणं, डोकेदुखी किंवा चुरचुर जात नाही.

आणि एक तातडीची गोष्ट. काही जणांच्या डोळ्यात पाणी निचरा होण्याचा कोपरा जन्मतःच अरुंद असतो. अंधारात बाहुली मोठी झाली की तो अचानक बंद होऊ शकतो आणि डोळ्यातला दाब झपाट्याने वाढतो. हे क्वचित होतं. पण डोळा खूप दुखतोय, लाल झालाय, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसताहेत, मळमळ किंवा उलटी होतेय, असं झालं तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली लगेच जाते म्हणून लोक महिनोन् महिने घालतात, आणि त्यानेच डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो.

निळ्या चष्म्याचे वाचलेले पैसे घालायचे ते इथे, तपासणीत.

ताईंचं पुढे काय झालं?

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. डोळ्यांचा दाब ठीक निघाला. डॉक्टरांनी वडिलांच्या आजारामुळे दर वर्षी यायला सांगितलंय. जवळचा नंबर निघाला, +१. चष्मा लागला आणि डोकेदुखी गेली. लॅपटॉप विकला नाही. ओट्यावरच्या बल्बखाली बसतात, साडेअकराला उठतात. सासूबाई अजून बोलतात. "पण आता झोप म्हणतात सर, डोळे जातील असं नाही म्हणत."

थोडक्यात

अंधारात लॅपटॉप वापरून डोळे जात नाहीत, थकतात. थकव्याला उपाय म्हणजे मागे मंद दिवा, योग्य ब्राइटनेस, अंतर, पापण्या आणि विश्रांती. झोप कमी झाली तर नुकसान धंद्याचं होतं. आणि डोळ्यांचे खरे आजार लॅपटॉपमुळे नाही, तर तपासणी न केल्यामुळे वाढत राहतात.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आज रात्री कागदाची चाचणी करा आणि ब्राइटनेस ठरवा.
२. वहीत रात्रीची यादी आणि सकाळची यादी लिहून लॅपटॉपजवळ चिकटवा.
३. आईवडिलांना फोन करून विचारा, घरात कुणाला काचबिंदू किंवा मधुमेह आहे का. असेल तर याच महिन्यात तपासणीची तारीख घ्या, आणि त्यांनाही बरोबर न्या.

पुढच्या आठवड्यात आपण पाहणार आहोत, कोटेशन पाठवण्याआधी तपासायच्या सात गोष्टी. तोपर्यंत कामाला लागा, आणि वेळेवर झोपा!